रूकरीचं दुसरं वळण

बिल्स्टन, ११ फेब्रुवारी १९३४

दादा,

तेवीस वर्षांनी भावाला पत्र लिहिताना आरंभ कसा करावा, याचा नियम मला शिकवलेल्या कोणत्याही व्याकरणात नाही. ‘प्रिय’ लिहावं तर तू विचारशील, इतकी वर्षं हा प्रियपणा कुठे तारण ठेवला होता? नुसतं ‘जोसाया’ लिहावं तर हॅना म्हणेल, हे पत्र आहे की गोदामातली चिठ्ठी? म्हणून ‘दादा’ एवढंच. ती वस्तुस्थिती आहे आणि वस्तुस्थितीशी तू सहसा भांडत नाहीस.

तुझी खबर आम्हांला असते. दर नाताळला मर्सीवहिनीचं कार्ड इकडे येतं, हॅनाचं तिकडे जातं. मेंढ्या भादरण्याची यंत्रं दुरुस्त करतोस, दर दुसऱ्या रविवारी चॅपेलमध्ये उपदेश करतोस, वाऱ्यानं एकदा दुकानाचं छप्पर नेलं, हे सगळं मला ठाऊक आहे. आपला थ्रॉसल मोटारसायकलींचा कारखाना तीन वर्षांपूर्वी बंद झाला, हेही तुला कळलं असेलच. आता त्या शेडमध्ये बाबागाड्या बनतात. मी त्यांचा पत्रव्यवहार पाहतो, दुपारी घरी जेवतो, शेंगांचे वेल लावतो आणि तक्रार करण्याजोगं काही शोधूनही सापडत नाही. असो.

आजच पत्र का, ते सांगतो. मोटारसायकलींच्या एका साप्ताहिकाला लहान कारखान्यांचे इतिहास छापायचे आहेत. संपादक तरुण आहे, त्यामुळे त्याचे प्रश्न प्रौढ असतात. ‘थ्रॉसलची स्थापना कोणत्या दूरदृष्टीने झाली?’ असं त्यानं विचारलंय. मी खरं ते कळवलं, की दूरदृष्टी एका घोड्याची होती. धाकटा भाऊ ऑक्सफर्डला जाऊन संस्कृत शिकतो, हिंदुस्थानातल्या सरकारी चाकरीची परीक्षा देतो, कागदावर उत्तम उतरतो आणि शेवटी घोडेस्वारीच्या चाचणीत तीनदा खाली पडून घरी येतो. तेव्हा थोरला भाऊ हातातली नळी खाली न ठेवता म्हणतो, “मग आपण असा घोडा करू, जो तुला पाडण्याआधी स्वतःच बंद पडेल.” हे तुझंच वाक्य आहे. १९०६ सालचं. ते मी इतिहासात घातलंय.

बाकीही लिहून झालंय. आईचं परसातलं धुण्याचं घर. तिथल्या भट्टीवर पितळ वितळवून तू जोडलेला पहिला सांगाडा. सोमवारी आईचं धुणं म्हणून सोमवारी कारखाना बंद. पहिली गाडी सुरू झाली ती निव्वळ घुणाक्षरन्यायानं: किडा लाकूड पोखरत जातो आणि त्यातून चुकून एखादं अक्षर उमटतं, तशी. पहिलीला नंबर दिला पाचशेएक, कारण पहिली गाडी विकत घ्यायला कोणी धजत नाही. ती कल्पना माझी. तेव्हाच तू नाक मुरडलं होतंस.

आता अवघड भाग. मी असं लिहिलंय: ‘१९११च्या कॅटलॉगमध्ये अ‍ॅम्ब्रोज फेलोज याने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, थ्रॉसलचा प्रत्येक भाग बिल्स्टनच्याच कारखान्यात तयार होतो असे छापले. इंजिने वस्तुतः बेल्जियमहून पेंढ्यात बांधून येत असत आणि त्यांवरची मूळ मुद्रा लेखक कानशीने घासून काढवीत असे. जोसाया फेलोज यांनी खोट्या कागदाखाली आपले नाव नको, असे सर्व कामगारांसमोर सांगितले आणि ते त्याच वर्षी न्यूझीलंडला गेले.’

हे छापायला तुझी परवानगी हवी. खरं तर परवानगी हे निमित्त आहे, मला तू हवा आहेस. मी त्रेपन्नाचा, तू सत्तावन्नाचा. आणखी तेवीस वर्षं अबोला धरायचा तर दोघांनाही दीर्घायुषी व्हावं लागेल आणि आपल्या घराण्यात तेवढी चिकाटी फक्त आत्याला होती. एकदा ये. आपण दोघं एका टेबलाशी बसून तो इतिहास पुरा करू. माझं पाप मी स्वतःच्या हातानं छापतोय, त्यापुढे अजून काय हवं असेल ते सांग.

घाबरू नकोस, त्या पानाच्या आधी एक निखळ अभिमानाचं पान आहे. रूकरीच्या चढणीचं. तिथे मी तुला जवळजवळ सुंदर केलंय.

तुझा,
अ‍ॅम्ब्रोज


बिल्स्टन, १७ जून १९३४

दादा,

तुझं उत्तर आलं. निम्म्या पृथ्वीला वळसा घालून तीन ओळी आल्या. पोस्टमन पाकीट हातात तोलून म्हणाला, रिकामं तर नाही ना?

‘कॅटलॉगचं खुशाल छाप. माझ्याकडून तो विषय केव्हाच संपला. रूकरीचं पान मात्र छापू नको.’

पहिली दोन वाक्यं मी हॅनाला दोनदा वाचून दाखवली. ती कारखान्यात पेट्रोलच्या टाक्यांवर सोनेरी रेघ ओढायची तेव्हा जसा श्वास रोखायची, तशी बसली होती. मग म्हणाली, “तेवीस वर्षं तू ज्यासाठी झोपेत दात खातोस, ते त्याच्याकडे केव्हाच संपलेलं होतं. एक पोस्टकार्ड टाकायचं ना त्यानं.” तिचं म्हणणं मी जसंच्या तसं पोचवतोय. बाकी राग मला नाही. मला इतकं हलकं वाटतंय की परवा चॅपेलमध्ये मी भजन म्हटलं आणि शेजारच्या बाई जागा बदलून बसल्या.

पण तिसरं वाक्य कळलं नाही. कॅटलॉगसारखी लाजिरवाणी गोष्ट खुशाल छापायची आणि विजयाची झाकायची? विनय म्हणावा तर तुझा विनय मला माहीत आहे. तो उपदेशाच्या आधी पाच मिनिटं असतो. म्हणून ते पानच पाठवतो. वाचून काय खटकतं ते सांग.

‘सप्टेंबर १९१०. रूकरीच्या चढणीवर नऊ गाड्या. नियम असा, की आरंभी पायडल मारून गाडी सुरू करावी, त्यानंतर माथ्यापर्यंत केवळ इंजिनाच्या बळावर चढावे. चिखल लालभडक, कातडी पट्टे ओलसर. दुसरे वळण हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणाआड असल्याने माथ्यावरच्या लोकांना तेथले काही दिसत नसे, केवळ ऐकू येई. जोसाया फेलोज यांची थ्रॉसल त्या कुंपणाआड शिरली आणि तिचा आवाज दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा झाला. थांबली, असे सर्वांस वाटले. तोच ती वळणाबाहेर आली. रूबेन गॅड यांच्या गाडीपेक्षा चार सेकंद कमी.’

दादा, ही अतिशयोक्ती नाही. त्या महिन्यात आपल्याला चाळीस गाड्यांच्या मागण्या आल्या. त्याआधी वर्षाला तेवढ्या होत नव्हत्या. त्या चार सेकंदांवर तीस माणसं वीस वर्षं जेवली, त्यांत मीही. ते पान काढलं तर इतिहासात उरेल काय? आईचं धुणं आणि माझी लबाडी.

शेंगांना फुलं आलीत. वहिनीला नमस्कार.

अ‍ॅम्ब्रोज


बिल्स्टन, ३० सप्टेंबर १९३४

दादा,

तुझं लांब पत्र काल आलं. मी ते शेडमध्ये उभ्यानं वाचलं, मग घरी येऊन बसून वाचलं. हॅनाला वाचायला दिलं आणि बाहेर जाऊन वेलांना पाणी घातलं. शेंगांचा हंगाम संपलाय, पण काहीतरी करायला हवं होतं.

तर दुसऱ्या वळणावर पट्टा घसरला, गाडी बसली आणि तू पायडल मारलंस. अकरा वेळा. तू मोजलंस. इतर कोणी असता तर ‘दोनचारदा’ म्हणाला असता. तुझ्या प्रामाणिकपणाची हीच तऱ्हा: चुकतानाही मोजमाप बरोबर.

आणि मग माथ्यावर लोकांनी तुला खांद्यावर घेतलं, मी टोपी उडवली, आणि तुला ‘थांबा’ म्हणायला फुरसत मिळेना. दुसऱ्या दिवशी मागण्या यायला लागल्या. आठवड्यानं मी तीन नवी माणसं कामावर घेतली. त्यांतल्या एकाला चार मुलं होती, असं तू लिहितोस. त्यानंतर बोलणं म्हणजे त्या चार मुलांच्या तोंडचा घास काढणं, आणि न बोलणं म्हणजे दर दुसऱ्या रविवारी व्यासपीठावर उभं राहून सत्याविषयी सांगणं. वर्षभर तू हे केलंस. मग माझा कॅटलॉग छापून आला आणि तुला दार सापडलं.

हे वाक्य मी तुझ्याच पत्रातून घेतोय: ‘तुझ्या खोटेपणावर मी ओरडलो, कारण माझ्यावर मला ओरडता येत नव्हतं.’

दादा, इतकी वर्षं मी समजत होतो, की माझ्यामुळे माझा भाऊ देश सोडून गेला. आईच्या अंत्यविधीला तुझी जागा रिकामी होती, ती मी केली असं धरून चाललो. आणि तू माझं पाप उसनं घेऊन त्याच्या पांघरुणाखाली स्वतःचं नेलंस. बोटीनं, तिसऱ्या वर्गातून. काल सायंकाळी मला तुझा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नव्हता, त्या घोड्याचासुद्धा. तो चहा होईपर्यंत टिकला. हॅना म्हणाली, “एवढासाच?” मी म्हटलं, वय झालं.

आता तुझी मागणी. मी गॅडकडे जावं, त्याला खरं सांगावं, त्याची क्षमा मागावी. तो हो म्हणाला तरच तू इकडे पाऊल ठेवणार. ‘त्याच्या हक्काचा दिवस मी नेला,’ असं लिहितोस. गॅड अजून आहे. थ्री फर्नेसेस पब आता त्याचाच आहे. कबुतरं पाळतो, पोट सुटलंय, गुडघे गेलेत. तो तसा दिलदार, पण हरण्याच्या बाबतीत लहान मुलासारखा होता, हे तुलाही आठवत असेल. काय म्हणेल सांगता येत नाही.

मी जातो. माझ्या लबाडीची कबुली द्यायला मला तेवीस वर्षं लागली. तुझ्या लबाडीला दोन आठवडे पुरे.

अ‍ॅम्ब्रोज


बिल्स्टन, १४ ऑक्टोबर १९३४

दादा,

घाईत लिहितोय, टपालाची बोट उद्या आहे. काल गॅडकडे गेलो होतो. सगळं सांगितलं. त्यानं तुला क्षमा केली आहे, मनापासून, काही किंतु न ठेवता. तुला नमस्कार सांगितलाय. त्याच्या मनात राग नाही आणि पूर्वीही नव्हता.

त्याचं एक कबुतर यंदा फ्रान्सहून परत आलं. इकडे हवा बरी आहे. तेव्हा आता निघण्याची तयारी कर. वरची खोली हॅनाने रिकामी केली आहे.

तुझा,
अ‍ॅम्ब्रोज


बिल्स्टन, २ डिसेंबर १९३४

दादा,

मागचं पत्र फाडून टाक. किंवा नको, ठेव. पुढे कोणी आपला इतिहास पुन्हा लिहिला तर त्याला उपयोगी पडेल.

हॅनाने त्याची नक्कल माझ्या खणात पाहिली. मी नकला ठेवतो, कारकुनाची खोड. तिनं वाचली, घडी केली आणि म्हणाली, “ह्यात खोटं एकही वाक्य नाही. तरी तू पुन्हा कॅटलॉग लिहिलास.”

सात आठवडे मी तिच्याशी वाद घातला. वाद असा, की हे तुला सांगितलं तर तू कोसळशील. तिचा प्रतिवाद असा, की तुझा भाऊ बाबागाडीतलं बाळ नाही. आज मी हरलो. म्हणून जे घडलं ते लिहितो. बसून वाच.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी दुपारी मी थ्री फर्नेसेसमध्ये गेलो. करडे वाटाणे आणि खारवलेल्या डुकराचा वास, शेगडीशी डॉमिनोजचा डाव. गॅड पेले पुसत होता. मला पाहून म्हणाला, “काय पंडित, वाट चुकलास? चॅपेल पलीकडच्या गल्लीत.”

मी म्हटलं, मुद्दाम आलोय. आणि एका दमात सांगून टाकलं: रूकरी, दुसरं वळण, घसरलेला पट्टा, अकरा. तू देश का सोडलास, तेही. त्यानं पेला खाली ठेवला.

“किती म्हणालास?”

“अकरा.”

“आणि एवढ्यासाठी माणूस न्यूझीलंडला गेला?”

तो शेगडीकडे वळला. तिथे नोआ पर्क्स बसला होता. तुला आठवत असेल, साखळ्या घडवायचा, त्या दिवशी दुसऱ्या वळणावर पंच होता. आता ऐंशीचा आहे.

“नोआ, रूकरीवर त्या साली दुसऱ्या वळणाला पायडल कोणी कोणी मारलं रे?”

नोआने हातातली सोंगटी नीट जागेवर लावली. “कोणी नाही मारलं ते विचार. लवकर आटपेल.”

मी म्हटलं, नोआबुवा, तुम्ही तर पंच होतात. तो म्हणाला, “होतो ना. म्हणून तर कुंपणाकडे तोंड करून उभा होतो. पंचाला बघता येतं तसं न बघताही आलं पाहिजे.”

दादा, नऊच्या नऊ जणांनी मारलं होतं. त्या मातीवर, त्या चढावर, कातडी पट्ट्याची कोणतीच गाडी ते वळण आपल्या बळावर पार करत नसे. तू सोडून सगळे स्वार हे जाणून होते. आदल्या शनिवारी पबातल्या शेगडीजवळच्या त्याच बाकावर बसून त्यांनी ठरवलं होतं, की खाली नाही, वर नाही, पण कुंपणाआड कोणी कोणाकडे बघायचं नाही. सगळ्यांना सारखंच, मग फसवणूक कोणाची? गॅडनं तर पहिल्या वळणालाही मारलं होतं. “तिथे एक ओकचं झाड होतं,” म्हणाला, “सोयीचं.”

मी विचारलं, मग दादाला कोणी का सांगितलं नाही?

“सांगायचं कुठे?” गॅड म्हणाला. “तो कधी पबाची पायरी चढला? चॅपेलमध्ये जाऊन सांगावं, तर त्यानं तिथेच आमच्यावर उपदेश झोडला असता. अर्धा तास. वर एक भजन.”

“दोन,” नोआ म्हणाला.

सगळे हसले, मीही हसलो. खोटं कशाला सांगू? मग गॅड हसायचा थांबला आणि हात पुसत टेबलाच्या अलीकडे आला.

“पंडित, एक सांग. त्याला वाटलं, त्यानं मारलं आणि मी नाही मारलं. म्हणजे इतकी वर्षं तो मला स्वतःपेक्षा भला माणूस समजत होता?”

“तसंच.”

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, “माझ्याविषयी असं माझी बायकोसुद्धा समजत नाही.” आणि मागच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा डोळे पुसलेले होते. कबुतरांची धूळ, म्हणाला. मी निघताना त्यानं तुला नमस्कार आणि क्षमा सांगितली, तेवढीच मी तुला कळवली.

बाकी सगळं मी गाळलं. ‘त्याच्या मनात राग नाही आणि पूर्वीही नव्हता.’ वाक्य किती खरं होतं बघ.

का गाळलं तेही सांगतो. हा इतिहास हाती घेतल्यापासून माझ्या लक्षात आलंय, की स्वतःचं पाप माणूस पेलू शकतो. त्याला सवय होते, त्याभोवती घर बांधता येतं, तू तर देश बांधलास. पण ज्याच्यासाठी आई सोडली, गाव सोडलं, हातातलं काम सोडलं, ते पाप म्हणजे शनिवारच्या बाकावर ठरलेली एक रीत होती, आणि तुला ती ठाऊक नव्हती याचं कारण एवढंच, की तू दारू पीत नाहीस, हे कोणी पेलायचं कसं? प्रायश्चित्त पुरं झाल्यावर अपराधच नव्हता असं कळलं, तर त्या प्रायश्चित्ताचं काय करायचं, याचं उत्तर मला कोणत्याही शास्त्रात सापडलेलं नाही. मी शोधलं.

म्हणून भ्यालो. तू येशील म्हणून तुला अर्धं सांगितलं. आणि अर्ध्या सत्यावर तू आला असतास तर या घरात पुन्हा दोन भाऊ एका खोट्या कागदाखाली बसले असते. आता पुरं सांगितलंय. यानंतर तू आला नाहीस, लिहिलंही नाहीस, तरी मला कळेल. वरची खोली तशीच ठेवतो.

तुझा भाऊ,
अ‍ॅम्ब्रोज


बिल्स्टन, ९ जून १९३५
(साउथॅम्प्टन धक्क्यावर, बोट कंपनीच्या कचेरीत हाती देण्यासाठी)

दादा,

बोट लागेल तेव्हा मी धक्क्यावर असेनच. पण तू उतरताच बोलायला लागशील आणि मला वाव मिळणार नाही, म्हणून हे पत्र आधी पाठवून ठेवतोय. गर्दीत उभा राहून वाच, मी थांबतो.

पहिलं म्हणजे, मार्चमध्ये तुझ्याऐवजी वहिनीचं अक्षर पाकिटावर पाहिलं तेव्हा मी ते अर्धा तास उघडलं नाही. हॅनाने उघडलं. वहिनीने लिहिलं होतं, की माझं पत्र वाचून तू शेडमध्ये गेलास आणि दार लावून घेतलंस. हातोड्याचा आवाज नाही, काही नाही. संध्याकाळ होत आली तशी ती भीतभीत चहा घेऊन गेली. तू गुडघ्यांवर बसला होतास आणि जमिनीवर खडूनं रूकरीची चढण काढली होतीस, दोन्ही वळणांसकट. मान वर न करता तिला विचारलंस, “मर्सी, ओकचं झाड पहिल्या वळणाला होतं, नाही का?” तिनं जन्मात रूकरी पाहिलेली नाही. तरी ती हो म्हणाली. बायको असावी तर अशी.

मग पुढच्या रविवारी तू व्यासपीठावरून सगळं सांगितलंस. अकरा, नऊ, तेवीस, सगळे आकडे. मेंढपाळ लोक आधी घाबरून बसले, मग मागच्या बाकावरून कोणीतरी फुसकन हसलं, आणि वहिनी लिहिते, ‘नंतर ते स्वतःच हसू लागले. मला लग्नापासूनचं आठवतंय, उपदेश करताना ते पहिल्यांदाच हसले. भजन राहूनच गेलं.’ ते वाचून मी उठून खिडकीपाशी गेलो. कबुतरांची धूळ आमच्याही घरात येते असं दिसतं.

त्यानंतर आठवड्यानं तुझं पत्र. मला वाटलं होतं, त्यात दुःख असेल, किंवा शांती, किंवा निदान एखादं वचन. त्यात होतं ते असं, आणि मी ते गॅडला पबात मोठ्यानं वाचून दाखवलं:

‘गॅडनं दोन्ही वळणांवर पायडल मारलं, मी एकाच. तो माझ्यापेक्षा चार सेकंद मागे राहिला. म्हणजे शर्यत मी जिंकलो होतो आणि अंतर चार सेकंदांहून बरंच जास्त धरलं पाहिजे. पहिल्या वळणाला त्यानं किती वेळा मारलं, तो नक्की आकडा विचार. एप्रिलच्या बोटीची दोन तिकिटं काढली आहेत.’

दादा, हाच का तो माणूस, जो गॅडच्या हक्काचा दिवस परत करायला निघाला होता?

पबात तर दंगा झाला. नोआ म्हणाला, तेवीस वर्षं पश्चात्ताप केला त्याचे काही सेकंद माणसाला मिळाले पाहिजेत. गॅड लाल झाला. म्हणाला, “पहिल्या वळणाला मी मारलं ते इंजिनाला दम खाऊ द्यावा म्हणून, गरज म्हणून नव्हे, हे त्याला लिही.” मी म्हटलं, लिहितो, पण आकडा? तो दोन्ही हात टेबलावर टेकवून उभा राहिला.

“आकडा पत्रानं कळणार नाही. त्याला म्हणावं, इथे ये. ह्या बाकावर बस, आणि माझ्या तोंडाकडे बघून विचार. आधीच बसला असता तर एवढा समुद्र ओलांडायची वेळ आली नसती.”

तेव्हा तुला सत्तावन्नाव्या, नाही, आता अठ्ठावन्नाव्या वर्षी पबाची पायरी चढावी लागणार. चॅपेलमधल्या वडीलधाऱ्यांना मी विचारून ठेवलंय. त्यांचं म्हणणं, आल्याचं पेय घेतलंस तर ते दुसरीकडे तोंड करून उभे राहतील. गॅडनं तुझ्यासाठी शेगडीजवळची जागा धरून ठेवली आहे आणि दर शनिवारी तिथे बसणाऱ्याला उठवतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात.

संपादकाचं मात्र तिसरं पत्र आलंय. बाकी सगळा इतिहास त्याला आवडला. कॅटलॉगची कबुली वाचून त्याला माझ्याविषयी आदर वाटू लागला, तो मी काही दिवस असाच ठेवणार आहे. फक्त मधलं एक पान कोरं का, असं तो विचारतो. रूकरीवर कोण जिंकलं, हे एवढ्या वर्षांनंतरही कारखान्याला ठरवता येत नाही काय?

मी परवाच उत्तर धाडलं. ठरवता येईल, जरा धीर धरा. त्या पानाचा लेखक बोटीवर आहे.

अ‍ॅम्ब्रोज